एसयूव्हीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कुठलं ऑइल टाकायचं? डबा घ्यायच्या आधी हे वाचा

इंजिन ऑइलची ग्रेड सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल आहे विचारलं की उत्तर येतं "ते लाल असतं ना ते". गॅरेजवाला पण बऱ्याचदा तेच समजून ड्रममधलं लाल ऑइल दिसेल त्या गाडीला ओतून मोकळा होतो. आता लाल हा नुसता घातलेला रंग आहे, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून, त्यावरून आत काय केमिकल आहे ते काडीचं कळत नाही. एकाच रंगाची दोन ऑइलं एकमेकांना अजिबात न चालणारी असू शकतात.

म्हणून आधी गाडीचं नाव विसरा आणि आत गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते शोधा. क्रेटाचंच घ्या, "ऑटोमॅटिक क्रेटा आहे, ऑइल द्या" असं काउंटरवर सांगितलं तर ते अर्धवट झालं, कारण डिझेल क्रेटाला ६ स्पीडचा टॉर्क कन्वर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे नेणारा, नेहमीचा ऑटोमॅटिक) आहे, त्याला एसपी-४ नावाचं ऑइल लागतं, साध्या १.५ पेट्रोलला आयव्हीटी म्हणजे सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवाला) आहे, त्याला एसपी-सीव्हीटी१, आणि टर्बो पेट्रोलला ७ स्पीडचा डीसीटी (दोन क्लचवाला), त्याचं ऑइल तिसरंच. स्कोडाच्या कुशाकमध्ये पण तसंच, १.० ला टॉर्क कन्वर्टर आणि १.५ ला डीएसजी, म्हणजे डीसीटीच. बोलताना सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतात आणि लिव्हरवर पण तेच पी-आर-एन-डी, त्यामुळे मालकाला वर्षानुवर्षं माहीतच नसतं आत काय आहे.

यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल टाकणं. टॉर्क कन्वर्टरवाल्या गिअरबॉक्समध्ये क्लचच्या प्लेटा असतात, त्यांनी किती घसरायचं आणि कधी पकडायचं ते ऑइलमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरवर (घर्षण कमी-जास्त करणाऱ्या रसायनावर) ठरतं. सीव्हीटीमध्ये स्टीलचा बेल्ट किंवा चेन स्टीलच्या पुलीवर चालते आणि तिथे ऑइलने उलट पकड द्यायची असते, साध्या एटीएफवर बेल्ट घसरायला लागतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती नाही, अख्खा गिअरबॉक्सच बदला. एएमटीवाल्यांनी तर एटीएफच्या नादी लागूच नका, नेक्सॉन एएमटी किंवा एक्सयूव्ही ३०० ऑटोशिफ्टमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, म्हणजे आत मॅन्युअलचंच गिअर ऑइल, आणि काही एएमटीत ॲक्च्युएटरचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं, ती दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत.

जात कळली की स्पेसिफिकेशन. गाडीसोबत मिळालेल्या ओनर्स मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत कुठलं फ्लुइड किती लिटर असा तक्ता असतो, तिथे एटीएफ डब्ल्यूएस, मर्कॉन एलव्ही, एसपी-४ असं काहीतरी सापडेल. काही मॅन्युअलमध्ये ही ओळच नसते, नुसतं "डीलरकडे जा" लिहिलेलं असतं, मग आरसीवरचा चासी नंबर घेऊन स्पेअर पार्ट काउंटरला जा आणि गिअरबॉक्स ऑइलचा पार्ट नंबर काढून मागा. घ्यायचं नसलं तरी काढून ठेवा. मॉडेल आणि वर्ष सांगून काढलेल्या नंबरावर भरवसा ठेवू नका कारण त्याच मॉडेलमध्ये कंपनीने मधेच गिअरबॉक्स बदललेला असू शकतो.

एंडेव्हरवाल्यांनी इथे जरा थांबा, कारण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि त्यानंतर या गाड्यांची बरीच कामं बाहेरच्या गॅरेजात होतात. ३.२ एंडेव्हरला ६ स्पीडचा गिअरबॉक्स आहे, त्याला मर्कॉन एलव्ही. २०२० मध्ये आलेल्या २.० ला १० स्पीडचा, त्याला मर्कॉन यूएलव्ही. बाहेरून गाडी तीच, नावात एका अक्षराचा फरक, पण गरम झाल्यावर म्हणजे १०० डिग्रीला एलव्हीची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ६ सेंटीस्टोकच्या आसपास आणि यूएलव्हीची साडेचारच्या आसपास. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, दोन्हीकडून नाही. त्यामुळे "एंडेव्हरचं ऑइल" असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न इंजिन कुठलं हा विचारा.

अजून एक गैरसमज, की नवीन नंबरचं ऑइल जुन्या गाडीला चालतंच. कधी चालतं कधी नाही. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन-६ हे डेक्सरॉन-३ च्या जागी चालावं म्हणूनच काढलेलं आहे. पण टोयोटाचं डब्ल्यूएस हे जुन्या टी-४ च्या जागी चालत नाही, ह्युंदाईचं एसपी-४ पण एसपी-३ च्या गाडीत नाही टाकायचं. म्हणजे नियम असा नाहीच, प्रत्येक कंपनीचं वेगळं बघावं लागतं.

आता मल्टी-व्हेइकल ऑइल. कॅस्ट्रॉल, मोटुल, व्हॅल्व्होलिन सगळ्यांची आहेत, ती वाईट नाहीत, पण डब्याच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. गाडीच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंपनीने ते ऑइल तपासून लायसन्स किंवा अप्रूव्हल दिलं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, डेक्सरॉन-६ च्या खऱ्या डब्यावर इंग्रजी J अक्षराने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. नुसतं "यासाठी योग्य" एवढंच असेल तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. माझं मत विचाराल तर गाडी वॉरंटीत असेपर्यंत डोळे झाकून कंपनीचं ऑइल, वॉरंटी संपली की तुमचं स्पेसिफिकेशन ज्याच्यावर नावानिशी छापलंय असं चांगल्या ब्रँडचं चालेल, आणि चाळीस गाड्यांची नावं छापलेलं पण तुमचं स्पेसिफिकेशन न छापलेलं ऑइल कितीही स्वस्त असलं तरी नको. सुट्टं ऑइल तर नकोच नको. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, सील आणि बॅच नंबर आधी बघून घ्या.

बदलायचं कधी? "लाइफटाइम फिल", म्हणजे कधी बदलायचंच नाही, असं सर्व्हिस सेंटरला ऐकवतील. झेडएफ ही कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच सांगते की गाडी कशी चालवता त्यावर ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला. आपल्याकडे रोजचं सिग्नल टू सिग्नल ट्रॅफिक, फुल लोड घेऊन कसारा नाहीतर खंबाटकी, हे सगळं मॅन्युअलच्या भाषेत कडक वापरात मोडतं, त्यामुळे मॅन्युअलमधल्या सर्व्हिसच्या तक्त्यातला कडक वापराचा आकडा धरा. आणि पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर किलोमीटर बघत बसू नका. ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायच्या नळीतून) पाणी आत गेलं की ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं आणि क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो सुटायला लागतो, गाडी चालू न करता थेट टो करून न्या.

बदलताना मेकॅनिकला पहिली गोष्ट सांगायची, खालचा ड्रेन नट उघडायच्या आधी भरायचा नट उघडतोय का ते बघ. तो जाम असला आणि खालून ऑइल काढून बसलात तर गाडी रॅम्पवरच. नुसतं ड्रेन केलं तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइलच निघतं, बाकीचं टॉर्क कन्वर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून तर चुकीचं ऑइल एकदा पडलं की एका ड्रेनमध्ये सुटका होत नाही, थोडं थोडं चालवून दोन-तीनदा काढावं लागतं. चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) खोलून बदलता येणारा फिल्टर असेल तर तोही याच वेळी बदला, आणि चेंबरच्या मॅग्नेटवर बारीक काळी पेस्ट दिसली तर ठीक, चमकणारे तुकडे दिसले तर ऑइलवर खर्च करायच्या आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा.

लेव्हल हा शेवटचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग. बऱ्याच नवीन गाड्यांना डिपस्टिकच नाही, गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की ओव्हरफ्लो नट उघडून बघायचं असतं, आणि ते तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) वाचायचं, हात लावून नाही. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका. बिलावर "एटीएफ" एवढंच न लिहिता ऑइलचं पूर्ण नाव, स्पेसिफिकेशन, लिटर आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि दोन-चार दिवसांनी सकाळी गाडी काढताना खाली लाल थेंब पडलेत का ते एकदा वाकून बघा.