युनोमीवर ससा रंगवताना

युनोमी म्हणजे जपानी घरातला रोजच्या चहाचा पेला. बिनकानाचा, रुंदीपेक्षा उंच. त्यावर प्राणी काढायचा असेल तर मी सशापासून सुरुवात करायला सांगते. दोन लांब कान जमले की ससा लगेच ओळखू येतो, मग बाकीच्या अंगाला मोजक्या रेषा पुरतात.

आधी क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या प्राणिचित्रांच्या गुंडाळ्या नीट बघा. १२व्या-१३व्या शतकांतलं हे काम, रंग नाही, नुसती शाई. बेडूक सशाला कुस्तीत चीत करतो तिथे थांबा. पाठीची एक रेषा सशाचं सगळं वजन कसं सांगते ते पाहा. मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

आता जागा. पेला गोल आहे, समोरून जेमतेम तिसरा हिस्सा नीट दिसतो. म्हणून ससा तेवढ्यातच बसवा आणि पेला फिरवल्यावर दिसतील अशा लाटा मागच्या बाजूला न्या. लाटांवरून धावणारा ससा ही जपानी भांड्यांवरची जुनी जोडी आहे, आणि गोल पेल्यावर ती फार शोभते. डोकं बोटांच्या पकडीच्या वर येऊ द्या. उरलेली जागा मोकळी सोडा, ती भरायचा मोह टाळाच.

साधारण ८०० अंश सेल्सिअसला एकदा भाजलेला पेला ओल्या स्पंजने पुसून घ्या, कारण धूळ राहिली तर ग्लेझ, म्हणजे वरून द्यायचा काचेसारखा लेप, तिथे धरत नाही. पेन्सिलीने हलकी खूण केली तरी चालेल, ती भट्टीत जळून जाते. तपकिरी-काळ्या रेषेसाठी लोह ऑक्साइड, निळ्यासाठी गोसू, म्हणजे कोबाल्टचा रंग. आरिता या जपानमधल्या पोर्सिलेनच्या गावाकडे गोसू चहाच्या पाण्यात कालवण्याची पद्धत आहे, त्याने रेषा फुटत नाही. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा.

खरी कसोटी ब्रशची. भाजलेली माती पाणी झटकन ओढून घेते. ब्रश जिथे थबकेल तिथे रंग साचतो, आणि लोहाचा असा जाड थेंब भट्टीतून काळा, खरखरीत होऊन येतो. म्हणून टोकदार ब्रश पूर्ण भरा, कडेला निथळा आणि मनगट नाही, अख्खा हात हलवा. कान मुळापासून टोकाकडे, टोकाला ब्रश उचलत. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ एका दमात. मग मांडीचा गोलावा, पुढचे पाय. डोळा सगळ्यात शेवटी, एकच ठिपका. चुकलं तर ओल्यात पुसू नका, डाग पसरतो. वाळू द्या आणि पात्याने खरवडा.

ग्लेझ पारदर्शक आणि पातळ हवं. १२३० अंशांच्या पुढे जाड थर उभ्या भिंतीवरून ओघळतो आणि डोळाही सोबत खाली नेतो. बुडाची कडी मात्र पुसून कोरी ठेवा, नाहीतर पेला भट्टीच्या फळीला चिकटेल.

ससा हातात बसला की घोडा घ्या. फुकुशिमातल्या नामिए गावच्या ओबोरी सोमा भांड्यांवर धावता घोडा असतो. २०११च्या अणुदुर्घटनेनंतर तिथल्या कुंभारांना गाव सोडावं लागलं, पण दुसरीकडे भट्ट्या लावून त्यांनी तो घोडा रंगवणं चालू ठेवलं. त्या ग्लेझला निळसर झाकेवर बारीक तडे असतात, आणि त्या जाळीत नाजूक रेषा हरवते. तिथे ब्रश जाड घ्या, आयाळ आणि शेपूट सुक्या ब्रशने मागे ओढा.