कावा उकळू नका, पिळा

कावा म्हटलं की आपल्याला आधी गनिमी कावा आठवतो, नाहीतर काश्मिरी कहवा. हा तिसराच. फिजी, वानुआटू, टोंगा, सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांवर एका झुडपाच्या मुळ्या कुटून, पाण्यात पिळून हे पेय करतात. झाड मात्र आपल्या ओळखीच्या घराण्यातलं आहे. मिरी आणि विड्याचं पान यांचं हे सख्खं चुलत भावंड, पानंही तशीच बदामी आकाराची. फिजीत त्याला यांगोना म्हणतात आणि गिरमिटियांचे, म्हणजे मजुरीच्या करारावर तिथे नेलेल्या भारतीयांचे, वंशजही ते चवीने पितात.

लागवडीनंतर निदान तीनेक वर्षांनी झाड उपटतात. घ्यायचं ते फक्त मूळ आणि जमिनीतला बुंधा. पानं, देठ, साल यांना हात लावायचा नाही, ते पोटात जाणं बरं नव्हे. बारीक बाजूच्या मुळ्यांना फिजीत ‘वाका’ म्हणतात, त्या जास्त कडक. जाड बुंध्याचा भाग म्हणजे ‘लेवेना’, तो सौम्य. वानुआटूत ओली मुळी वाटून लगेच पितात. फिजीत बहुधा धुऊन, तुकडे करून, उन्हात कडकडीत वाळवून कुटतात. विकत पूड घेताना ‘नोबल’ जातीचीच मागा. ‘टूडे’ नावाची जात स्वस्त मिळते, पण तिची मळमळ आणि सुस्ती दोन दिवस सोडत नाही. नावाचा अर्थच तो.

आता मुख्य काम. साधारण 50 ग्रॅम पूड स्वच्छ पंच्यात किंवा मलमलीत बांधा, पुरचुंडी सैल ठेवा. पसरट भांड्यात लिटरभर साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. आपला हात सवयीने गॅसकडे जातो, काढा म्हणजे उकळायचाच! इथे तसं केलंत तर मुळातल्या पिष्टाची खळ होईल, साबुदाण्याची होते तशी, आणि ती गाळताही येणार नाही.

पुरचुंडी पाण्यात बुडवून दहा मिनिटं मळा, दाबा, पिळा. नारळाचं दूध काढतो तसाच हात चालवायचा. कावाचे गुणकारी घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत. ते चोथ्यातून सुटून बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगतात, म्हणून नुसतं भिजत ठेवून भागत नाही, मनगट दुखायला हवं. पाणी पहिल्या पावसातल्या ओढ्यासारखं गढूळ झालं आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागलं की झालं. घट्ट पिळून पुरचुंडी काढा. त्याच चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळता येतं, पण ते पातळच निघतं.

चव? खरं सांगायचं तर मातीची, वर मिरीची झाक. म्हणून घोट घोट नको, एका दमात. फिजीत ‘टानोआ’ नावाच्या लाकडी परातीभोवती मांडी घालून बसतात. करवंटीची ‘बिलो’ पुढे आली की एक टाळी वाजवायची, ‘बुला’ म्हणायचं, रिकामी करायची, मग तीन टाळ्या. जीभ आणि ओठ बधिर होतात. घाबरू नका, ते व्हायचंच. साधारण अर्ध्या तासात अंग सैल पडतं, डोकं मात्र बऱ्यापैकी जागेवर राहतं. पोट भरलेलं असेल तर परिणाम कमी जाणवतो.

पहिल्यांदा अर्धी वाटी पुरे. दारूबरोबर अजिबात नको. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लांबच राहावं. यकृताच्या तक्रारींवरूनच जर्मनीने 2002 मध्ये कावाच्या औषधांवर बंदी घातली होती, तिथल्या न्यायालयाने ती 2014 मध्ये उठवली. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवल्यांसारखी सुटते. आणि पिऊन गाडी चालवायची नाही.

उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. तळाशी साका बसतो, ओतण्याआधी ढवळायला विसरू नका.