सीपीच्या मुलांची थेरपी: रिसर्चमधलं काय घ्यायचं आणि घरी कसं करायचं

ज्यांच्या घरात सीपीचं (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर परिणाम झालेलं) मूल आहे त्यांच्या व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक व्हिडिओ येतोच, मशीनला बांधलेलं मूल, मागे म्युझिक आणि खाली लिहिलंय तीन महिन्यांत चालायला लागलं. मग आत्याचा फोन येतो, शेजारचे काका म्हणतात एकदा पुण्याला दाखवून या की ओ, आणि हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं निघेपर्यंत कुणी विचारत नाही की ते मूल मशीनच्या आधी किती चालत होतं. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, जुळे सोलापुरात राहतो आणि आमच्या पोरीची डावी बाजू सीपीमुळे कमजोर आहे. थेरपिस्टना विचारून विचारून आणि वाचून जे कळलं ते इथे टाकतोय. थेरपिस्टला बाजूला ठेवून काही करायचं नाही, हे गृहीत धरा.

सगळ्यात आधी मुलाची जीएमएफसीएस लेव्हल (मूल स्वतःहून किती हालचाल करू शकतं त्यावरून ठरणारी पायरी) विचारा आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ही पद्धत १९९७ मध्ये कॅनडात रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या टीमने बनवली, एकूण पाच लेव्हल. एकवाली मुलं चालतात, पळतात, फक्त तोल आणि वेग कमी. दोनवाली चालतात पण जिन्याला कठडा लागतो, लांब चाललं की दमतात. तीनला वॉकर किंवा काठी, चारला बहुतेक वेळ व्हीलचेअर, आणि पाचवाल्यांना मान आणि धड सांभाळणंच अवघड. हे का विचारायचं, तर व्हिडिओतलं मूल लेव्हल एकचं असेल आणि आपलं चारचं असेल तर त्या व्हिडिओचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. सीपी हे एकच नाव असलं तरी आत पाच वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून चला.

याच लेव्हलवरून ओंटारिओमधल्या ६५७ मुलांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात दिसलं की बसणं, उभं राहणं, चालणं असल्या मोठ्या हालचालींची जी काही क्षमता मूल गाठणार असतं त्यातली साधारण ९० टक्के लेव्हल एकची मुलं पाच वर्षांच्या आसपास गाठतात, आणि पाचची मुलं तर तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच. हे वाचून पोटात गोळा येतो, मला पण आला. पण यातून घ्यायचं काय तर लहानपणी "थांबा, मोठं झाल्यावर आपोआप होईल" म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. आणि मूल मोठं असेल तर सगळं संपलं असंही नाही, कारण डबा उघडणं, बटण लावणं असल्या हाताच्या गोष्टी त्या अभ्यासात मोजलेल्याच नाहीत, त्या नंतरही शिकता येतात.

आता दावा कसा तपासायचा. यासाठी मला ऑक्सिजन चेंबरची गोष्ट सगळ्यात भारी वाटते. क्युबेकमध्ये १११ मुलांवर हा प्रयोग झाला, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले, एका गटाला जास्त दाबाखाली ऑक्सिजन आणि दुसऱ्याला थोडाच दाब दिलेली साधी हवा, दोघांनाही ४० सेशन, आणि आपलं मूल कुठल्या गटात आहे हे आई-बापांनाही माहीत नाही. शेवटी मोजलं तर मुलं सुधारलेली होती! फक्त दोन्ही गट सुधारले होते आणि सारखेच. म्हणजे दुसरा गट ठेवलाच नसता तर ते सगळं श्रेय मशीनला गेलं असतं आणि आपण लाखभर रुपये घेऊन लाईनीत उभे राहिलो असतो. मूल वाढत असतं, त्या काळात आई-बाप रोज पूर्ण लक्ष देतात, तपासणीची सवय होते, सुधारणेत कशाचाही वाटा असू शकतो. म्हणून कुणी काही सांगितलं की विचारायचं, तुलनेला दुसरा गट होता का, नंतर मोजणाऱ्याला कुठलं मूल कुठल्या गटातलं हे माहीत होतं का, मुलं कुठल्या लेव्हलची होती, आणि एकूण किती तास काम झालं. समोरचा चिडला तर उत्तर मिळालं समजा.

ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी आपल्यासाठी बरंच काम सोपं करून ठेवलंय. २०१३ मध्ये आणि परत २०२० मध्ये त्यांनी सीपीचे सगळे उपचार घेऊन पुराव्यानुसार सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल असे रंग दिले. हिरव्यात काय आहे बघा: मुलाने स्वतः ठरवलेल्या कामाचा सराव, दोन्ही हातांचा एकत्र सराव, चांगला हात काही काळ बांधून कमजोर हाताकडून काम करून घेणं, आणि नीट आखून दिलेला घरचा प्रोग्रॅम. म्हणजे जिथे हालचाल मूल स्वतः करतं ते. आणि मूल नुसतं पडून आहे आणि दुसरं कुणीतरी त्याचे हातपाय हलवतंय, दाबतंय, ताणतंय, अशा बऱ्याच गोष्टी मागे पडल्यात. तासभर मालिश करून घेतली म्हणजे थेरपी झाली असं आपल्याकडे अजून धरतात, मालिशने मुलाला बरं वाटत असेल तर जरूर करा, पण तो वेळ सरावात मोजू नका. बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायूंचा कडकपणा कमी करतं पण साधारण तीन-चार महिनेच, तेवढ्यात सराव झाला नाही तर पैसे आणि मुलाचं रडणं दोन्ही वाया.

आता घरी काय करायचं. आधी मुलाला विचारा त्याला काय जमायला हवंय. २०२२ ची आंतरराष्ट्रीय गाईडलाईन पण हेच सांगते, ध्येय मुलाचं हवं आणि सराव पूर्ण कामाचा हवा, तोही ते काम खरंच होतं त्या जागी. आमच्या पोरीला सोलापूरच्या गड्डा जत्रेत पाळण्यात बसून दोन्ही हातांनी दांडा धरायचा होता. मला तिने डाव्या हाताने चमचा धरायला हवा होता, पण तिचं चाललं आणि तेच बरोबर होतं. घरातल्या झोपाळ्यासमोर आडवा पाईप पक्का बांधला, त्यावर नॅपकिन गुंडाळला म्हणजे हात सटकत नाही. डावा अंगठा तिच्या तळव्यात आत वळलेला असतो, तो आम्ही ओढून बाहेर काढत नाही, ती उजव्या हाताने एकदा सोडवते, मग पाईप धरते, मग झोपाळा हलका हलवायचा आणि पाचपर्यंत मोजायचं, आणि एक मोठं माणूस कायम शेजारी. सटकलं की लगेच "असं धर" म्हणायचं नाही (आज्जीला हे पटवणं हीच खरी थेरपी होती), तिलाच विचारायचं का सटकलं. एकदा ती म्हणाली, मी टीव्ही बघत होते. मग टीव्ही बंद. जमायला लागलं की नॅपकिन काढायचा, झोका वाढवायचा. म्हणजे काम थोडं अवघड पण जमण्यासारखं राहिलं पाहिजे, सारखं हरलं तर मूल कंटाळतं आणि सारखं जिंकलं तरी कंटाळतं.

किती वेळ करायचं याचा पण अंदाज आहे. एक ठरवलेलं काम शिकायला थेरपिस्टकडचा आणि घरचा मिळून साधारण १४ ते २५ तास सराव लागतो असं रिसर्चमध्ये दिसलंय. रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस धरले तर अडीच तास, म्हणजे सहा ते दहा आठवडे. दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लावावा. एका वेळी एक किंवा दोनच कामं घ्या. आणि वेगळा वेळ नसेल, सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळून परत कारखान्यात द्यायला जाणाऱ्या आईला कुठून असणार, तर अंघोळ, कपडे, जेवण यातच सराव घाला. सकाळी पाच मिनिटं लवकर उठून शर्टाची खालची दोन बटणं त्याला लावू द्या, बाकीची तुम्ही लावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३ ला जातो तेव्हा सगळं सकाळीच उरका, आणि एएफओ बूट (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार) काढल्यावर पायावर लाल वण किती वेळ राहतो ते बघा, अर्ध्या तासात गेला नाही तर बूट बनवणाऱ्याकडे घेऊन जा.

फरक डोळ्यांनी मोजू नका, रोज बघणाऱ्याला दिसतच नाही. महिन्यातून एकदा तीच जागा, तीच खुर्ची, मोबाईल त्याच उंचीवर, मदत न करता व्हिडिओ. पुढच्या भेटीला थेरपिस्टला आधी तो दाखवा.

चार आणि पाच लेव्हलच्या मुलांचं ध्येय वेगळं असेल, नीट आधार दिलेल्या खुर्चीत बसून मान सावरत हो-नाही सांगणं हे पण मोठंच काम आहे. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका, खुब्याचा एक्स-रे. सीपीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखत पण नाही. किती महिन्यांनी काढायचा ते ऑर्थोवाल्यांना विचारून कॅलेंडरवर टाका. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून मुलांवर अशी नियमित नजर ठेवली जाते आणि तिथे खुबा निखळणं जवळपास बंद झालंय.

आणि कुणी म्हणालं की आमच्या रिसर्चमध्ये मुलाला घ्या, तर सीटीआरआय नंबर मागा. भारतातल्या ट्रायलची ही सरकारी नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, वेबसाईटवर कुणालाही फुकट शोधता येते, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिलं मूल घ्यायच्या आधीच नोंदणी झालेली लागते. स्टेम सेलवाले "ट्रायल" म्हणून पैसे मागतात तिथे तर हे आधी बघाच, आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७ च्या गाईडलाईनप्रमाणे सीपीसाठी स्टेम सेल हा नेहमीचा उपचार नाही, फक्त मंजूर ट्रायलमध्ये द्यायचा आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत मागा, मराठी, तेलुगू, कन्नड जे असेल ते, घरी आणून वाचा, एक कॉपी तुमच्याकडे राहिली पाहिजे. मूल सात वर्षांच्या पुढचं असेल तर त्याला पण विचारावं लागतं, १२ च्या पुढे लेखी, आणि तुम्ही मधेच सोडायचं म्हटलं तरी त्यांना मुलाचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. पुण्याला जायचं-यायचं भाडं कोण देणार हे सहीच्या आधी विचारा, संकोच करू नका. ट्रायल संपली की मशीन तिकडेच राहतं, तेव्हा त्यानंतर घरी काय चालू ठेवायचं ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून मागा.