शब्दकोड्यात भ्रष्टाचाराचे शब्द कसे भरावेत

आधी घरं मोजा. जोडाक्षराला एकच घर, अनुस्वाराला वेगळं घर नाही. म्हणजे 'भ्रष्टाचार' चार घरांत बसतो, 'खंडणी' तीन, 'हप्ता' दोन.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करा, असं जो तो सांगतो. तो सल्ला कुचकामी आहे, कारण हे शब्द समानार्थी नाहीतच. शोधसूत्राला दोन प्रश्न विचारा: पैसा कुणाचा, आणि देणारा कोण? काम करवून घ्यायला स्वतःच्या खिशातून दिली ती लाच. रक्कम किरकोळ असली तर चिरीमिरी, बिलातला ठरलेला वाटा असला तर टक्केवारी, धमकावून उकळली तर खंडणी. पतसंस्थेच्या रोखपालाने ठेवीच खाल्ल्या, तर तिथे देणारा कुणी नाही, तो अपहार. पैशाऐवजी ओळख चालली तर वशिला. सूत्रात 'घेणारा' असेल तर लाचखोर, 'भ्रष्टाचारी' लिहून घरं वाया घालवू नका.

खरी फसगत पुढे होते. शेवटचं अक्षर जुळलं की लोक पेनाने शब्द लिहून टाकतात. या विषयात शेवटचं घर अजिबात भरवशाचं नाही. चार घरांचे चिरीमिरी, खाबूगिरी आणि टक्केवारी तिन्ही 'री'वर संपतात. अपहार आणि भ्रष्टाचार 'र'वर. सहा घरांतही तेच: अफरातफर आणि गैरव्यवहार दोन्हींच्या शेवटी 'र', फक्त लाचलुचपत 'त'वर सुटते. म्हणून तिसरं घर छेदणारा उभा शब्द आधी सोडवा. चार घरांत तिथे मि आला तर चिरीमिरी, गि आला तर खाबूगिरी, वा आला तर टक्केवारी. हा आला तर अपहार, चा आला तर भ्रष्टाचार. सहा घरांत रा म्हणजे अफरातफर, व्य म्हणजे गैरव्यवहार, लु म्हणजे लाचलुचपत. छेदाचं घर मात्रेसकट जुळलं पाहिजे. 'खाबूगिरी'तला बू दीर्घ आहे. उभ्या शब्दाला तिथे ऱ्हस्व बु हवा असेल, तर दोनपैकी एक उत्तर चुकलंय. ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेऊ नका, पुढचा अख्खा कोपरा बिघडतो.

वाक्प्रचार सोपे: '— ओले करणे' म्हणजे हात, 'चराऊ —' म्हणजे कुरण. तीन घरांत 'लाच' मागितली आणि पहिलं अक्षर उ निघालं, तर संस्कृत 'उत्कोच'. अडलंच तर पुण्यातच तयार झालेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा.

विशेषनामांत पुण्याची एक जोडी पाठ असू द्या, दोन्ही चार घरांची: पेशवाईतले निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री, आणि जुलमासाठी कुख्यात कोतवाल घाशीराम, ज्याचा 1791 मध्ये अंत झाला. लोकपाल आणि लोकायुक्तही चारच घरांचे, दोघांची सुरुवात 'लो'ने. सूत्रात 'राज्य' किंवा 1971 चा महाराष्ट्राचा कायदा दिसला तर लोकायुक्त, 'केंद्र' किंवा 2013 दिसलं तर लोकपाल. काहीच दिलं नसेल तर इथेही तिसरं घर बघा: यु की पा.