गच्चीवरून गच्चीवर नेट न्यायचं असेल तर

बडोद्यात नेटवर्किंगच्या कामाला नव्याने लागलेली मुलं पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "दादा, डिव्हाइस कुठलं घेऊ?" म्हणजे दोन्ही गच्च्यांवर लावायचा, अँटेना असलेला वायरलेस डबा. मी उलट विचारतो, दोन इमारतींच्या मधे काय आहे?

एकाच आवारातल्या दोन इमारती असतील तर वायरलेसच्या वाटेला जाऊच नका. फायबर टाका, विजेच्या कडकडाटातही सुखाने झोपाल. वायरलेस तिथे, जिथे मधे रस्ता आहे आणि खोदायची परवानगी मिळणं अवघड. उदाहरणार्थ दांडिया बाजार. क्लासचं ऑफिस रस्त्याच्या एका बाजूला, दुसरी शाखा पलीकडे थोडी पुढे, अंतर जेमतेम ३०० मीटर.

समोरची गच्ची दिसली म्हणजे काम झालं असं नव्हे. डिव्हाइसमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत, मधल्या भागात फुगतात. त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्‌झवर ३०० मीटरच्या मधोमध त्याची त्रिज्या जवळपास दोन मीटर भरते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. म्हणून पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कडुनिंब हे सगळं बघायचं. पानगळीत सर्व्हे केलात तर झाड पालवल्यावर काय होईल तेही धरा. पावसाचं भय मात्र उगाच बाळगतात लोक. ५ गिगाहर्ट्‌झला एवढ्या अंतरावर पाऊस फारसा नडत नाही, नडतात ओली पानं आणि केबलमधून आत शिरलेलं पाणी. केबल बाहेर टिकणारी घ्या, आणि डिव्हाइसपाशी तिला खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातील.

५ गिगाहर्ट्‌झचे बरेच पट्टे भारतात २०१८ पासून परवानामुक्त आहेत, पण पॉवरची मर्यादा आहेच. सेटिंगमध्ये देश भारतच ठेवा. जुन्या शहरात घरोघरी राउटर, त्यामुळे आधी स्कॅन करून मोकळा चॅनेल शोधा. चॅनेलची ८० मेगाहर्ट्‌झची रुंदी बघून हुरळू नका, गर्दीत २० किंवा ४० वरच लिंक स्थिर राहते.

दोन्ही डिव्हाइस आधी टेबलावर जोडा. एक ॲक्सेस पॉइंट (सिग्नल देणारं), दुसरं स्टेशन (त्याला जोडलं जाणारं), दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन टोकं एकाच नेटवर्कसारखी चालतील, आयपी वेगवेगळे, पासवर्ड बदललेले. खोक्यात आलेलाच पीओई ॲडॅप्टर (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) लावा, कारण काही डिव्हाइस २४ व्होल्टवर चालतात, काही ४८ वर. आणि तो ॲडॅप्टर तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही अँटेना नेमके समोरासमोर आणणं, हे खरं कौशल्य. एकजण डिव्हाइसच्या पोलपाशी, दुसरा पलीकडे फोनवर सिग्नलचे आकडे वाचणारा. २० डीबीएम पॉवर (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप), दोन्हीकडे १३ डीबीआयचा अँटेना (डीबीआय म्हणजे अँटेना झोत किती एकवटतो त्याचं माप) धरला तर ३०० मीटरवर सिग्नल गणिताने उणे ५१ डीबीएमच्या आसपास यायला हवा; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ७० दिसतंय आणि नेट चालतंय म्हणून क्लॅम्प (डिव्हाइस पोलला धरून ठेवणारी पकड) आवळून खाली उतरायचं नाही. बहुतेक वेळा तो अँटेनाच्या बाजूचा कमजोर झोत असतो. डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, आकडा चढून पुन्हा उतरेपर्यंत जा, मग शिखरावर परत या. नंतर तेच वर-खाली.

गच्ची दुसऱ्याची असेल तर काकू विचारणारच, "अरे, यातनं किरणं येतात का रे? आमच्याकडे लहान मूल आहे." हसू नका. हे डिव्हाइस साधारण दहा वॉटच्या आतच वीज खातं, त्यातलाही थोडासाच भाग लहरी होऊन बाहेर पडतो आणि तोही समोरच्या गच्चीकडे, हे नीट समजावून सांगा. उद्या क्लॅम्प सैल झाला तर गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच मागायची आहे.

आता उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. १४ आणि १५ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर असतं. स्पीकरची थप्पी नेमकी झोताच्या आड, पोलला गुंतलेला मांजा ओढणारे दहा हात. ग्राहकाला हे आधीच सांगा आणि सणानंतरची एक फेरी करारातच लिहा. लिंक सोपवताना दोन्ही टोकांच्या सिग्नलचे स्क्रीनशॉट त्याला द्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा. उणे ५१ चं उणे ६३ झालं तर आधी क्लॅम्प बघा, डिव्हाइसला दोष नंतर.

सर्व्हेचे पैसे वेगळे लावा. "नुसतं बघायला कसले पैसे?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना फ्रेनेल झोनचं चित्र काढून दाखवा.