खानदेशच्या उन्हात ॲल्युमिनियमचा छिद्रित पत्रा: निवड, मागणी आणि बसवणी

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी तीननंतर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. जुन्या धाब्याच्या घरांना मातीच्या जाड भिंतींचा आधार होता. आजच्या पातळ भिंतींना आणि मोठ्या काचांना तो नाही. म्हणून दवाखाने, शाळा, दुकानांचे दर्शनी भाग आणि कारखान्यांच्या कार्यालयांवर ॲल्युमिनियमचा छिद्रित पत्रा लावण्याची पद्धत वाढली आहे. बाजारात त्याला परफोरेटेड शीट किंवा नुसतेच जाळीची शीट म्हणतात. पत्रा चांगला असूनही काम फसते, ते बहुतेक वेळा मागणी अर्धवट लिहिल्यामुळे किंवा बसवताना उन्हाचा हिशेब न केल्यामुळे, असे माझे निरीक्षण आहे. त्यामुळे या दोन गोष्टींवर मी अधिक लिहिणार आहे.

सर्वांत आधी छिद्राचे काम ठरवावे. छिद्रातून वारा जायचा आहे, प्रकाश गाळायचा आहे, आवाज आत शोषला जायचा आहे की हात आत जाऊ द्यायचा नाही, यावर छिद्राचा व्यास आणि त्यांची दाटी अवलंबून असते. नक्षी नंतर पाहावी.

दाटी मोजण्याचे माप म्हणजे मोकळे क्षेत्र, अर्थात पत्र्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी छिद्रांनी व्यापलेला भाग. गोल छिद्रे एकाआड एक सरकवून, साठ अंशांच्या मांडणीत असतील, तर छिद्राच्या व्यासाला पीचने, म्हणजे एका छिद्राच्या मध्यापासून शेजारच्या छिद्राच्या मध्यापर्यंतच्या अंतराने, भागावे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला ९०.७ ने गुणावे. उत्तर टक्क्यांत मिळते. छिद्रे सरळ ओळीत, चौकटीच्या मांडणीत असतील, तर ९०.७ ऐवजी ७८.५ घ्यावे. दहा मिमी छिद्र आणि पंधरा मिमी पीच धरला, तर पहिल्या मांडणीत मोकळे क्षेत्र सुमारे ४० टक्के येते आणि दुसऱ्या मांडणीत सुमारे ३५ टक्के. आपल्याकडचे काही फॅब्रिकेटर दोन छिद्रांच्या कडांमधल्या पट्टीलाच पीच म्हणतात, आणि तेवढ्या एका शब्दावरून संपूर्ण माल वाया गेलेला मी पाहिला आहे. मागणीपत्रावर छोटी आकृती काढून त्यावर मध्य ते मध्य हे अंतर दाखवणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

पश्चिमेच्या उन्हासाठी ३० ते ४० टक्के मोकळे क्षेत्र मला योग्य वाटते. त्यात आतून बाहेरचे दिसते, वारा खेळता राहतो आणि थेट पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग बाहेरच अडतो. ऊन तिरपे असेल, तर पत्र्याच्या जाडीमुळे ते आणखी अडते. मात्र छिद्र ५ मिमीपेक्षा लहान ठेवू नये. तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते. उन्हाळ्याच्या वावटळींत ती छिद्रांच्या कडांवर साचते आणि वळवाच्या पहिल्या सरीने तिचा चिखल होऊन बारीक छिद्रे बुजतात. डासांसाठी हा पत्रा उपयोगाचा नाही, त्यासाठी मागे वेगळी जाळी लागते. आडोशाबद्दलही एक गोष्ट घरमालकांना आधीच सांगावी: दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, पण रात्री आत दिवा लागला की हेच उलटे होते. निजायच्या खोलीला पडदा लागतोच.

मिश्रधातूची निवड त्यामानाने सोपी आहे. ११०० किंवा १०५० क्रमांकाचा हा जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असतो, त्यामुळे तो आतल्या छतासाठी आणि सजावटीसाठी पुरेसा आहे. बाहेरच्या कामाला मँगनीज असलेला ३००३, एच१४ या अर्धकठीण अवस्थेत, चांगला चालतो. तो वाकवतानाही सहसा तडकत नाही. जिथे ताकद जास्त हवी किंवा हवा रासायनिक आहे, तिथे मॅग्नेशियम असलेला ५०५२, एच३२ या कठीणपणाच्या अवस्थेत घ्यावा. समुद्रकाठी ५०५२ चा आग्रह धरणे रास्त आहे. धुळे किंवा नंदुरबार शहरातील साध्या इमारतीसाठी त्यावर जास्त पैसे घालवण्याची गरज मला वाटत नाही. ते पैसे जाडीवर आणि चौकटीवर खर्च करावेत.

जाडी मिलीमीटरमध्येच लिहावी. गेजचा आकडा फसवा असतो, कारण १६ गेज म्हणजे ब्रिटिश पद्धतीत १.६३ मिमी होतो आणि अमेरिकन पद्धतीत १.२९ मिमी. आतल्या छताला १ मिमी पुरतो. बाहेरच्या पडद्याला २ मिमी घेऊन दर ६०० मिमीवर आधार द्यावा, आणि आधार लांब असतील तर ३ मिमीचा विचार करावा. इमारत उंच असेल, तर वाऱ्याच्या भाराचा हिशेब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा; तिथे अंदाज चालत नाही. छिद्राचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नसावा, नाहीतर छिद्र पाडणारे पंच तुटतात आणि छिद्रांच्या कडा फाटतात.

वजनाचा फायदा मोठा आहे. आठ बाय चार फुटांचा २ मिमी जाडीचा अखंड ॲल्युमिनियम पत्रा सुमारे १६ किलो भरतो, तर तेवढाच लोखंडी पत्रा ४६ किलोंच्या वर जातो. चाळीस टक्के छिद्रे पाडल्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा साडेनऊ किलोंच्या आसपास उरतो. दर किलोवर ठरत असेल, तर तो छिद्रे पाडण्याआधीच्या वजनावर आहे की नंतरच्या, हे लिहून घ्यावे, कारण दोन विक्रेत्यांच्या दरांतील तफावत अनेकदा एवढ्यावरच असते.

मागणीपत्रात मिश्रधातू व त्याची अवस्था, जाडी, पत्र्याची लांबी-रुंदी, छिद्राचा आकार व व्यास, पीच व मांडणी, चारही कडांना ठेवायची कोरी पट्टी आणि रंगकाम एवढ्या गोष्टी आल्याच पाहिजेत. कोऱ्या पट्टीचा उल्लेख राहिला, तर कडेची छिद्रे अर्धी कापली जातात. अशी कड करवतीसारखी हात कापते आणि स्क्रूलाही जागा उरत नाही. कडा आत मुडपून तबकासारखा पत्रा करायचा असेल (त्याने ताठपणा पुष्कळ वाढतो), तर मुडपण्याची रेघ कोऱ्या पट्टीतूनच गेली पाहिजे. छिद्रे पाडल्याने पत्रा ताणला जाऊन वाकतो, म्हणून नंतर तो रोलरमधून सपाट करून देण्याची अटही घालावी.

रंग नेहमी छिद्रे पाडल्यावर आणि मुडपल्यावर द्यावा. पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून चिकटवलेल्या कोरड्या रंगाचा, थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो; तो टिकतो की सुटतो हे त्याआधीच्या रासायनिक धुलाईवर अवलंबून असते, त्यामुळे कोटिंग करणाऱ्याकडे त्या धुलाईची टाकी आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. आपल्या उन्हात गडद रंग लवकर फिके पडतात आणि पत्राही अधिक तापवतात. फिका राखाडी, पांढरट किंवा वाळूचा रंग घ्यावा. पंच ज्या बाजूने बाहेर पडतो, त्या बाजूला कडांना बारीक काटे राहतात. गुळगुळीत बाजू माणसाच्या हाताकडे येईल, असा पत्रा वळवून घ्यावा.

आता बसवणी. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढते. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेला पत्रा मे महिन्याच्या दुपारी ६५ अंशांपर्यंत तापला, असे धरले, तर २४४० मिमी लांबीचा पत्रा सुमारे ३ मिमी वाढतो आणि त्याची लोखंडी चौकट साधारण दीड मिमीच वाढते. धुळ्यातील एका दुमजली इमारतीवर आम्ही हिवाळ्यात सगळे स्क्रू गोल छिद्रांत घट्ट आवळून पत्रे बसवले होते. एप्रिल संपेपर्यंत प्रत्येक पत्रा पोटाशी फुगला होता आणि रात्री गार होताना त्याचा कडकड आवाज येत होता. सर्व पत्रे उतरवून छिद्रे लांबट करावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक पत्र्याला मध्यभागी एकच पक्का बिंदू ठेवतो, बाकीच्या ठिकाणी स्क्रूसाठी पत्र्याच्या लांबीच्या दिशेने लांबट खाच ठेवतो आणि शेजारच्या दोन पत्र्यांमध्ये ६ ते ८ मिमी फट सोडतो.

पत्रा भिंतीला चिकटवू नये. भिंतीपासून किमान १५० मिमी, आणि साफसफाईसाठी हात घालायचा असेल तर त्याहून अधिक अंतर ठेवावे. ही पोकळी खाली आणि वर उघडी ठेवली, तर तापलेली हवा वर निघून जाते. वरचे तोंड पन्हळीने बंद केलेले काम मी पाहिले आहे. तिथे पत्र्याने सावली दिली, पण पोकळीतली कोंडलेली गरम हवा भिंतीलाच तापवत राहिली.

स्क्रू स्टेनलेसचे असावेत आणि लोखंडी चौकट व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन किंवा रबराची चकती असावी, कारण दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते. तांब्याची तार किंवा नळी तर त्याला लागूच देऊ नये. ओल्या सिमेंटमधील अल्कलीनेही ॲल्युमिनियमवर डाग पडून ते खाल्ले जाते. म्हणून गिलावा आणि रंगरंगोटी पूर्ण झाल्यावरच पत्रे चढवावेत.

कारखान्यांत या पत्र्याच्या मर्यादा आधी ओळखाव्यात. जळगावच्या डाळ मिलमध्ये चाळणीसाठी ॲल्युमिनियम वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाण्यांच्या सततच्या घासण्याने मऊ धातू झिजतो, छिद्रे मोठी होऊन प्रतवारी बिघडते, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे चाळणीचा तुकडा तुटून डाळीत गेला, तर लोखंड पकडण्यासाठी बसवलेले चुंबक त्याला पकडत नाही. तिथे लोखंडी चाळणीच हवी. वाळवणीच्या तबकांसाठी मात्र हलका ॲल्युमिनियम सोयीचा आहे; नंदुरबारच्या पथारींवरची मिरची ड्रायरमध्ये वाळवायची झाली, तर कोरड्या, अखंड मिरचीला तो चालतो. मीठ लावलेले, चिंचेचे किंवा लिंबाचे आंबट पदार्थ त्यावर ठेवू नयेत, त्यासाठी स्टेनलेस घ्यावे.

यंत्राच्या पट्ट्याला किंवा दातेरी चाकाला झाकणारे कवच हा या पत्र्याचा उत्तम उपयोग आहे, कारण आतले दिसते, हवा लागते आणि कवच एका माणसाला उतरवता येते. धोकादायक फिरत्या भागांना कुंपण घालणे कायद्याने बंधनकारकच आहे. छिद्र १२ ते २० मिमीचे असेल, तर कवच फिरत्या भागापासून किमान १२० मिमी लांब असावे. जागा कमी असेल, तर छिद्र लहान करावे, अंतर कमी करू नये. जनरेटरच्या खोलीत आवाज कमी करायचा असेल, तर हे लक्षात घ्यावे की आवाज शोषण्याचे मुख्य काम पत्र्यामागची रॉकवूल, म्हणजे दगडापासून बनवलेली लोकर, करते. पत्रा फक्त तिला धरून ठेवतो आणि आवाजाला आत जाऊ देतो, म्हणून मोकळे क्षेत्र २० टक्क्यांच्या वर असावे आणि रॉकवूलवर काचेच्या धाग्यांचे पातळ कापड घालावे, म्हणजे तंतू उडत नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी दुबळे होते, म्हणून आग अडवण्याच्या जागी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

देखभाल वर्षातून दोनदा पुरते. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडून मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवावे. क्रम उलटा झाला, तर धुळीचा चिखल छिद्रांत बसतो. फरशी धुण्याचे ॲसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही वर्ज्य समजावेत. दिवाळीच्या सुमारास दुसरी फेरी करताना पत्र्यामागे गांधीलमाश्यांची पोळी आणि कबुतरांची घरटी पाहावीत, ढिले झालेले स्क्रू हाताने तपासावेत आणि खाचांतील स्क्रू घट्ट आवळले गेले असतील, तर पुन्हा पाव फेरा सैल करावेत.