तान्ह्या पोळ्यासाठी प्लॅस्टरचा मुखवटा

तान्हा पोळा हा विदर्भात लाकडी बैल सजवून साजरा होणारा मुलांचा सण. त्याच्या वेशभूषेसाठी मुलांना घरीच मुखवटा करून द्यायचा असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टर बँडेज सर्वांत सोयीची ठरते. हा सण श्रावण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, ऐन पावसाळ्यात येत असल्याने आणि दमट हवेत प्लॅस्टर सावकाश वाळत असल्याने काम निदान आठवडाभर आधी हाती घ्यावे.

बँडेजच्या दोन-तीन बोटे रुंद पट्ट्या कोरड्या हातांनी आधीच कापून ठेवाव्यात. केस मागे बांधून चेहऱ्यावर, विशेषतः भुवया आणि केसांच्या कडेला, व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. यात कंजुषी केल्यास मुखवट्यासोबत भुवयाही ओढल्या जातात. पट्टी कोमट पाण्यात क्षणभर बुडवून, निथळून, कपाळापासून खाली लावत जावी आणि प्रत्येक पट्टी बोटाने चोळून तिची जाळी बुजवावी. पुढे रंगाखाली दिसणारा गुळगुळीतपणा बहुतांशी या चोळण्यातूनच येतो, त्यामुळे घाई करायचीच असेल तर ती अन्यत्र करावी. असे तीन थर पुरेसे होतात. नाकाच्या दांड्यावर आणि कडांना एक पट्टी जास्त द्यावी. नाकपुड्या पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात, डोळे व ओठ झाकू नयेत आणि मूल घाबरल्यास काम तत्काळ थांबवावे.

प्लॅस्टर पाण्याशी संयोग पावून पुन्हा जिप्सम बनताना उष्णता बाहेर टाकते. पातळ पट्ट्यांत ती केवळ ऊब म्हणून जाणवते, परंतु जाड गोळ्यात तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन त्वचा भाजू शकते. म्हणून सुट्या पावडरचा लगदा चेहऱ्यावर किंवा हातावर कधीही थापू नये. पंधरा-वीस मिनिटांनी मुलाला गाल फुगवायला आणि भुवया हलवायला सांगितले की मुखवटा सुटू लागतो.

तो पंख्याखाली एक-दोन दिवस वाळू द्यावा. कूलरसमोर मात्र ठेवू नये, कारण त्याची हवा ओलसर असते. वाळल्यावर कात्रीने कडा नीट करून त्यावर पट्टी दुमडून लावावी, इलॅस्टिकसाठी कानांजवळ भोके पाडावीत आणि पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचा हात द्यावा. अन्यथा प्लॅस्टर रंग शोषून घेते आणि डाग उमटतात. खडबडीत जागी भिंतीची पुट्टी लावून बारीक पॉलिश पेपरने घासावे.

रंग ॲक्रेलिकचेच घ्यावेत. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे वाईट गोष्टींचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतला पिवळा आणि काळा रंग नागपूरकर मुलांना वेगळा सुचवावा लागत नाही. मोठ्या डोळ्यांच्या रेषा आधी पेन्सिलने आखाव्यात. टिकल्या, गोटा, लोकर ही सजावट रंग पूर्ण वाळल्यावरच चिकटवावी. पट्ट्या भिजवलेले पाणी मोरीत ओतू नये. त्याचा गाळ पाइपमध्ये घट्ट बसतो.